दहापैकी सात

३ जानेवारी

प्रिय मावशी,

नवीन वर्षाचं पहिलं पत्र तक्रारीचं आहे, तेव्हा चष्मा लाव आणि नीट बसून वाच.

तुला ठाऊक आहे, मी ज्या कार्यशाळेत काम करते तिथे लोकांना कृत्रिम पाय बसवतात. मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे होतात. पुढच्या खोलीत दोन लांब दांड्या आहेत, त्यांच्या मधोमध रोग्याला उभं करून चालायला शिकवायचं. ते पुढच्या खोलीतलं काम माझं आहे आणि मी ते चांगलं करते. कुणाच्या पायाची उंची दोन मिलिमीटरनं चुकली तरी मला चालीवरून कळतं.

काल आमच्या मुख्य बाईंनी बोलावून सांगितलं की चार जणांनी माझी तक्रार केलीय. पायाची नाही, तोंडाची! एक म्हातारे शिंपी आहेत, ते म्हणाले, "माझा पाय गेलाय, कान शाबूत आहेत. ही मुलगी मला कवायत करायला लावते." आता मला ही इथली स्पॅनिश येते किती? ऊठ, बस, वाक, वजन टाक, थांब. तेवढ्यात भागवते. इथले लोक एकमेकांना काही करायला सांगताना भलतंच लांबण लावतात आणि क्रियापदाचा शेवटच बदलून टाकतात. मार्चअखेरपर्यंत तसं बोलायला शिकले नाही तर मला मागे प्लास्टर कालवायला पाठवणार. पाय नीट बसतोय की नाही हे कुणी बघत नाही, गोड बोलते की नाही ते बघतात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

लहानपणी तू मला स्पॅनिश शिकवायचीस तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचे, कबूल. आता शिकव. पत्रानेच शिकव, कारण फोनवर तू "जेवलीस? बरं, ठेवते," एवढंच बोलतेस.

माझा आवाज महिनाभर बसलाय. थंडी असेल.

तुझी,
भिंगरी


१२ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

शिंपी बरोबर आहेत, तू चूक आहेस. पाय गेलेल्या माणसावर खेकसतेस आणि वर तुझाच तिळपापड? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

एकतीस वर्षं मी हा धडा शिकवला. या धड्याला निम्मा वर्ग झोपायचा आणि उरलेला पुढच्या आठवड्यापासून यायचाच नाही. तू झोपू नकोस. नीट ऐक.

हुकमात माणूस एकच असतो. विनंतीत दोन असतात. एकाला काहीतरी हवं असतं आणि ते करणारा दुसरा असतो. "मला हवंय" हे तुझं, ते पक्कं, त्याचं क्रियापद नेहमीसारखं. पुढचं "उभं राहणं" मात्र समोरच्याचं. ते अजून घडलेलं नाही, कदाचित घडणारही नाही. म्हणून स्पॅनिशमध्ये त्या दुसऱ्या क्रियापदाचं रूप बदलतं. "किएरो के से सिएंते." तुम्ही बसावं असं मला वाटतं. आपल्याकडे "बसावं", "यावं", "करावं" आहेच की! त्या "बसावं"मध्ये समोरच्याला नाही म्हणायला जागा असते. ती जागा सोडली की ती विनंती. जागा न सोडता नुसतं गोड बोललीस तर तो निव्वळ लबाडपणा, आणि तो कुठल्याही भाषेत लबाडपणाच.

आता नियम. प्रत्येक पत्रासोबत वेगळ्या कागदावर दहा वाक्यं. काळी शाई. एक ओळ सोडून लिहायचं. खाली पेन्सिलीने मराठी अर्थ, म्हणजे तुला काय म्हणायचं होतं ते मला कळेल. लाल शाई माझी. गिचमिड केलीस तर न तपासता परत पाठवीन.

गळ्याला मिठाच्या गुळण्या कर. गार पाणी बंद.

मावशी


२४ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझा धडा लागू पडला आणि अंगाशीही आला. शिंप्यांना दांड्यांमध्ये उभं केलं आणि तुझ्या पद्धतीने म्हटलं, "तुम्ही उजव्या पायावर वजन टाकावं अशी माझी विनंती आहे." ते हसले आणि म्हणाले, "नको." आता काय करायचं हे तू लिहिलंच नव्हतंस! मी तशीच उभी राहिले. दोन मिनिटांनी त्यांनी आपणहून वजन टाकलं, चार पावलं चालले, आणि म्हणाले, "तू विचारलंस म्हणून." मुख्य बाई दारातून बघत होत्या. त्यांचा चेहरा बरा होता.

आवाज अजून तसाच आहे. गुळण्या करतेय.

सोबत दहा वाक्यं. ती पुस्तकातली नाहीत, मनातली आहेत. फोनवर मला जमलं नसतं. नीट वाच, आणि १९ फेब्रुवारीच्या आत उत्तर मिळेल असं पाठव.

भिंगरी

(वेगळा कागद. स्पॅनिश वाक्यांखालचं पेन्सिलीतलं मराठी.)

१. माझ्या मावशीने इथे यावं अशी माझी इच्छा आहे.
२. डॉक्टरांनी गळ्यातल्या गाठीबद्दल मला स्पष्ट सांगावं अशी माझी विनंती आहे.
३. १९ तारखेला दवाखान्यात माझ्याजवळ कुणीतरी असावं, मला गरज आहे.
४. गाठ काढताना त्यांनी माझा आवाज वाचवावा.
५. कागदावर सही करणारं माणूस परकं नसावं.
६. मावशीने रागावू नये.
७. आधी का नाही सांगितलंस, असं मावशीने विचारू नये.
८. नंतर मला कुणीतरी घरी न्यावं.
९. कुणीतरी रात्रभर थांबावं.
१०. मावशीने लवकर उत्तर द्यावं.


१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

कागद तपासून सोबत पाठवते आहे. दहापैकी सात. पहिल्या खेपेला सात म्हणजे वाईट नाही, माझ्या वर्गात पाच मिळाले तरी मुलं पेढे मिळाल्यासारखी नाचायची.

पहिल्याच वाक्यात घोटाळा. "माझी मावशी" यापुढे तू "बिएने" लिहिलंस. त्याचा अर्थ ती येते, येतेच आहे. तुला "बेंगा" हवं. ती अजून आलेली नाही, येईलच असंही नाही, तू फक्त इच्छा धरून बसली आहेस. हे एकदा डोक्यात पक्कं बसव. तिसऱ्यात आणि नवव्यातही तीच चूक. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं माणसाने?

आणि विषय कसले निवडलेस? गाठ काय, दवाखाना काय! डॉक्टरांकडचा धडा आला की सगळीच मुलं अशी रडकी वाक्यं लिहितात, ती परीक्षकाला मुळीच आवडत नाहीत. पुढच्या वेळी बाजार, बस, ग्रंथालय असलं काहीतरी घे. "मावशी" हा शब्दही चारदा आलाय. शब्दसंग्रह वाढव.

अक्षर सुधारलंय. गुळण्या चालू ठेव.

मावशी


२७ फेब्रुवारी

दहापैकी सात मिळाले. उपकार झाले!

तुझा कागद १२ तारखेला हातात पडला. दारातच उभ्याने उघडला. वाटलं, आत "निघाले" असेल. आत लाल शाई. "मावशीने यावं" यातलं क्रियापद तू खोडून दुरुस्त केलंस. मी तुला ये म्हणत होते, मावशी, आणि तू मला ते कसं लिहायचं हे शिकवलंस!

१९ तारखेला मी एकटी दवाखान्यात गेले. खिडकीमागच्या बाईंनी कागद मागितले, घाईत तोही कागद त्यांच्या हातात गेला. त्यांनी तो वाचला. आधी माझी काळी वाक्यं, मग तुझं लाल. वाचून झाल्यावर मान वर करून विचारलं, "मग? आल्या का?" त्या खिडकीत बसून रोज शंभर फॉर्म भरतात. मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्यांना कळलं. तुला नाही कळलं.

सही मुख्य बाईंनी केली. घरी न्यायला शिंपी आले, मी बसवलेल्या पायावर, काठी टेकत. मी त्यांना विचारलंही नव्हतं. जिना चढताना मी त्यांना धरलं की त्यांनी मला, देव जाणे. गळ्यातली अर्धी ग्रंथी काढलीय. आवाज फाटक्या पोत्यासारखा झालाय. गाठीचा अहवाल यायचाय.

आठवडाभर पडून होते, तेव्हा विचार करायला भरपूर वेळ मिळाला. तुझ्या तोंडून घरात मी "करशील का?" कधी ऐकलंय? एकदाही नाही. ऊठ. दात घास. पुस्तक उघड. आवाज बंद. भाषेच्या संस्थेत जाऊन एकतीस वर्षं परक्या पोरांना विनंती शिकवलीस आणि घरी आलीस की कवायत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! शिंप्यांना वाटलं होतं मी सैन्यातून आलेय. मी तुझ्या घरातून आलेय.

फोन करू नकोस. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, आणि नसती केली तरी मी उचलला नसता.

भिंगरी


६ मार्च

भिंगरी,

चौदा वेळा फोन केला. चौदाही वेळा तू कापलास.

मराठी मेली होती का? "मावशी, गळ्यात गाठ आहे, ये," एवढं लिहायला किती शाई लागते? आजाराची बातमी कुणी गृहपाठात लिहितं का? आणि वर "आधी का नाही सांगितलंस असं विचारू नये"! विचारणारच. का नाही सांगितलंस? शिंप्याला कळतं, खिडकीतल्या बाईला कळतं, आणि जिने तुझं तापाने फणफणलेलं डोकं मांडीवर घेतलं तिला कळवायला तुला दहा वाक्यांचा कागद लागतो? इतका राग आलाय मला की पेन दोनदा आपटलं.

आता कवायतीचं. तू सहा वर्षांची होतीस. ताई, तुझी आई, गेली त्या महिन्यात मी विनंत्याच करत फिरत होते. तुझ्या बाबांना विनवलं की मुलीला जवळ ठेवा. दादाला म्हटलं, "निदान शाळा सुटल्यावर दोन तास तिला तुझ्याकडे बसू दे." वहिनीला, शेजारणीला, संस्थेच्या संचालकांना, सगळ्यांना. प्रत्येकाने छान ऐकून घेतलं, चहा दिला, आणि नाही म्हणाले. तोंडं बघवत नव्हती मला त्यांची! तेव्हापासून मी कुणाला काही विचारायचं सोडलं. विचारलं की लोक नाही म्हणतात. तुला "माझ्याजवळ राहशील का" असं विचारलं असतं आणि तू नको म्हणाली असतीस, तर मी कुठे तोंड घेऊन गेले असते? म्हणून सांगितलं, चप्पल घाल, चल.

आणि आता खरं सांगते. मला कळलं नाही असं मी म्हणू शकते, तू विश्वासही ठेवशील. पण तिसऱ्या वाक्यावर माझं पेन थांबलं होतं. १९ तारीख मी दोनदा वाचली. मग मी त्या वाक्यात चूक शोधली. ती सापडली, आणि मला हायसं वाटलं. चूक दुरुस्त करता येते. गाठीचं मी काय करणार होते? तो कागद पाकिटात घालून चिकटवताना मला ठाऊक होतं की मी काय करतेय, आणि तरी मी तो टपालात टाकला.

अहवाल काय आला ते कळव. पुढची तारीख कळव. मी येतेय.

मावशी


१४ मार्च

मावशी,

तुझ्या पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाच. कळव, कळव, येतेय. तीन वाक्यं, तिन्ही हुकूम. माणूस एकच, तू. मी त्यात कुठेच नाही.

अहवाल चांगला नाही, पण हाताबाहेरचाही नाही. उरलेली अर्धी ग्रंथीसुद्धा काढायची आहे. या वेळी आवाजाला धोका जास्त आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तारीख ठरलीय. ती मी तुला सांगणार नाही.

पाकिटाचं वाचून मी खूप रडले आणि मग खूप चिडले. अजून चिडलेलीच आहे. मी सहा वर्षांची असताना तू माझ्यासाठी दारोदार फिरलीस, हे मला आज कळतंय, तिसाव्या वर्षी! मला वाटायचं, मला कुणीतरी तुझ्या गळ्यात बांधलं. सांगायचं नाही का?

यायचं असेल तर विचार. आणि मी नाही म्हणू शकते हे धरून विचार. नाही म्हणायला जागा सोडतात ती विनंती, असं मला एकीने शिकवलंय.

भिंगरी


२० मार्च

भिंगरी,

हे पत्र पाचव्यांदा लिहितेय. पहिल्या चारांमध्ये कुठे ना कुठे "येणारच" असं येत होतं.

विमानाचं तिकीट काढलं होतं. तुझं पत्र आल्यावर परत केलं, कारण आधी तिकीट आणि मग विचारणं म्हणजे पुन्हा तेच. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बाई, एकदा ठरवा." त्याच्याशीही भांडून आले.

तुझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी तिथे असावं, असं मला फार वाटतं. मी यावं का?

नको म्हणालीस तर मी रागावेन. खूप रागावेन, उगाच कशाला खोटं सांगू? आठवडाभर भांडी आपटेन. पण येणार नाही, आणि तू नको म्हणालीस म्हणून तुझ्यावरची माया कमी करणार नाही. तू हवं तेवढं थांबून उत्तर दे. रोज दुपारी टपाल येतं तेव्हा मी दाराशीच असते, पण ते तू मनावर घेऊ नकोस.

तुला कुणी माझ्या गळ्यात बांधलं नव्हतं. कुणी घेऊ नये म्हणून मी मनातल्या मनात धावा करत होते. दादा नाही म्हणाला तेव्हा वरून संतापले आणि जिना उतरताना मला आनंद झाला. हेही कुणाला सांगितलेलं नाही.

मावशी


२७ मार्च

मावशी,

११ एप्रिल, सकाळी आठ. दवाखान्याचा पत्ता मागे लिहिलाय. तुझी गाडी वेळेवर आली तरी मला आत घेऊन गेलेले असतील, तेव्हा धावपळ करून पडू नकोस.

मुख्य बाईंनी मला पुढच्या खोलीतच ठेवलंय. सध्या माझा आवाजच निघत नाही, त्यामुळे मी हाताने नम्रपणे खूण करते आणि रोगी माझ्यावर फार खूश आहेत. मुकी झाले तर बढतीच मिळेल असं दिसतंय.

मला भीती वाटते.

भिंगरी


११ एप्रिल, दवाखान्याच्या बाकावरून

भिंगरी,

तू अजून आत आहेस. बाहेर आलीस की चार दिवस बोलायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत, म्हणून लिहूनच ठेवते. तू जागी झालीस की हा कागद तुझ्या हातात देईन.

विमान वेळेवर उतरलं, पण तिथून पुढची गाडी दोन तास उशिरा आली. कोण कुणाची वाट बघतंय याची रेल्वेला काही पडलेलीच नाही! धावत आले आणि त्या खिडकीपाशी उभी राहिले. एकतीस वर्षं ही भाषा शिकवली, पण जिथे ती बोलतात अशा गावात मी आजच आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं. गाडीत वाक्य घोकत आले होते, "मला आत बसू द्यावं अशी माझी आपल्याला नम्र विनंती आहे." शेवटचं रूपसुद्धा बिनचूक. खिडकीतल्या बाईंनी वर बघितलं आणि माझी दातखीळ बसली. एक अक्षर फुटेना. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

त्यांनीच विचारलं, "रोग्याच्या तुम्ही कोण?"

मावशीला इथे काय म्हणतात हे मी पहिल्या आठवड्यात शिकवत असे. दर वर्षी. झोपेतसुद्धा सांगेन. आणि मी म्हणाले, "आई."

चूक माझ्या लगेच लक्षात आली. त्यांनी फॉर्मवर लिहायला सुरुवात केली होती. मी त्यांना थांबवू शकले असते. त्यांचं पेन चालताना बघत राहिले आणि थांबवलं नाही. त्यांनी दार उघडलं आणि मला या बाकावर आणून बसवलं.

मी हे ताईला विचारलेलं नाही. तिला आता विचारता येत नाही. तुलाही विचारलेलं नाही, आणि तुला विचारता येतं. तर विचारते. ते तसंच राहू द्यावं का? तुला नको असेल तर मी आत्ता जाऊन खोडून येईन. खाली अर्धा कागद कोरा सोडलाय.

मावशी

(त्याच कागदाच्या खाली, पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरात.)

राहू दे. पण एवढी वर्षं लावलीस कशाला?